शेवटच्या दिवसांत काय काय घडते, हे आधी कुणी का सांगत नाही?

उंबरठा

आईला जाऊन पाच महिने झाले. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान झाले तेव्हाच आजार यकृतापर्यंत पोहोचला होता, त्यामुळे ती बरी होणार नाही हे आम्ही सगळ्यांनी, निदान वरवर तरी, स्वीकारले होते. हा धागा मी तिच्या जाण्याविषयी काढलेला नाही. शेवटच्या आठ-दहा दिवसांत तिच्या शरीरात कोणते बदल दिसतील आणि ते दिसल्यावर आम्ही काय करायचे, याबद्दल एका शब्दानेही आम्हाला कुणी सांगितले नव्हते, त्याविषयी मला लिहायचे आहे. केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीपूर्वी दुष्परिणामांची छापील यादी हातात मिळत असे. पण "आता घरी घेऊन जा, हवे ते खाऊ द्या" असे सांगून आम्हाला निरोप देण्यात आला, तेव्हा हातात केवळ औषधांची चिठ्ठी होती.

एक प्रसंग लिहितो. ती जाण्याच्या आदल्या रात्री तिच्या घशातून घरघर ऐकू येऊ लागली. दोन दिवस तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता, तेव्हा घसा कोरडा पडल्यामुळे आवाज येत असावा असे वाटून मी तिचे डोके मांडीवर घेतले आणि चमच्याने पाणी घातले. पहिला चमचा ओठांच्या कडेने ओघळला. दुसरा आत गेला आणि तिला असा ठसका लागला की सगळे अंग आखडले, डोळे सताड उघडले. त्यानंतर ती पुन्हा ग्लानीत गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. ती तहानलेली जाऊ नये एवढीच माझी इच्छा होती, पण तो ठसका अजून माझ्या कानांतून जात नाही.

ज्यांनी घरी किंवा रुग्णालयात कुणाची अखेरपर्यंत सेवा केली आहे, त्यांनी कृपया लिहावे : तुम्हाला काय आधी सांगितले गेले असते तर बरे झाले असते?

रात्रपाळी

उंबरठा, हॉस्पिसमध्ये, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थेत, परिचारिका म्हणून माझी एकोणीस वर्षे गेली. तुम्ही केले तेच करणारी मुले, मुली, नवरे आणि बायका मी इतक्या पाहिल्या आहेत की त्यांची मोजदाद सोडून दिली. तुमच्या हातून अपराध झालेला नाही. तुम्हाला माहिती देण्याचे ज्यांचे काम होते, त्यांनी ते केले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घरघर कोरडेपणामुळे होत नाही, नेमके उलट असते. आपण दिवसभरात नकळत कितीतरी लाळ गिळत असतो. शुद्ध हरपत गेली की गिळण्याची आणि खोकण्याची क्रिया मंदावते, लाळ व कफ घशाशी साचतो आणि श्वास त्यावरून जाताना तो आवाज होतो. ऐकणाऱ्याला वाटते की माणूस गुदमरतो आहे. पण त्या अवस्थेत रुग्ण सहसा इतक्या खोल ग्लानीत असतो की त्याला त्याचा त्रास होत असल्याची चिन्हे दिसत नाहीत : कपाळावर आठी नसते, हात ताणलेले नसतात. अशा वेळी रुग्णाला एका कुशीवर वळवावे, डोके किंचित उंच ठेवावे आणि तोंडातले पाणी बाहेर ओघळू द्यावे. स्राव कमी करणारी औषधे असतात, ती लवकर दिली तर काही जणांना उपयोग होतो, काहींना होत नाही. नळी घालून खोलवर कफ ओढणे मात्र बहुधा टाळावे, कारण त्याने घसा सोलवटतो आणि स्राव पुन्हा वाढतो.

तहानेबद्दल बोलायचे तर त्या दिवसांत माणसाला जी तहान लागते ती तोंडाची असते. सलाईन लावून ती भागेलच असे नाही. शरीर पाणी नीट वापरू शकत नसेल तर तेच पाणी पायांत, फुप्फुसांत आणि घशात साठते. जो पूर्ण जागा आहे आणि गिळू शकतो त्याला घोटघोट पाणी जरूर द्यावे. गिळणे थांबले की मऊ स्पंज किंवा स्वच्छ ओला कपडा बोटाला गुंडाळून हिरड्या, जीभ व गालांच्या आतली बाजू ओली करावी आणि ओठांना मलम लावावे. जागेपणी हे दर तास-दोन तासांनी केले तरी चालते. हे काम आम्ही मुद्दाम नातेवाइकांना शिकवतो, कारण हातांना काहीतरी करायचे असते आणि ते नसले की माणूस चमचा शोधतो.

अन्नाचेही तसेच. जेवण बंद झाल्यामुळे रुग्ण जातो असे घरच्यांना वाटते, प्रत्यक्षात शरीर आवरते घेऊ लागलेले असते म्हणून भूक जाते. ही एक गोष्ट जरी आधी समजली, तरी ताटावरून होणारी निम्मी भांडणे मिटतील.

आणखी थोडे. झोप वाढत जाते, दिवसातले वीस तासही रुग्ण झोपून असतो. लघवी कमी आणि गडद होते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर आणि तळपायांवर जांभळट जाळी उमटते. श्वासाची लय बिघडते : तो खोल होत जातो, मग उथळ, मग काही क्षण थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. चेन आणि स्टोक्स या दोन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच त्याचे वर्णन केले आहे, म्हणून त्याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. तो थांबलेला क्षण शेजारी बसलेल्या माणसाला पंधरा मिनिटांइतका वाटतो. काही रुग्ण चादर ओढतात, हवेत काहीतरी वेचतात, "चला, निघायचे आहे" असे म्हणत उठू पाहतात. लघवी तुंबली आहे का, पोट साफ झाले आहे का, वेदना आहे का, हे आधी पाहावे. त्यांपैकी काही नसेल तर औषधाने ही अस्वस्थता कमी करता येते, सहन करत बसण्याची गरज नसते.

कातरवेळ

हा धागा नेमका आजच वर आला, म्हणून धीर करून लिहिते आहे. बाबांचा प्रोस्टेटचा कर्करोग पाठीच्या मणक्यांत पसरला आहे. रात्री कूस बदलताना ते पलंगाची कड इतकी घट्ट धरतात की बोटांची पेरे पांढरी पडतात, आणि मी जवळ गेले की "काही नाही, झोप तू" म्हणतात. डॉक्टरांनी तोंडावाटे घ्यायचे मॉर्फिन लिहून दिले. ती बाटली सहा दिवस कपाटात आहे, सील न फोडलेली.

दादाचे म्हणणे असे की मॉर्फिन सुरू झाले म्हणजे संपलेच, बाबांना सवय लागेल, ते गुंगीतच राहतील आणि आपणच त्यांना लवकर पाठवले असे होईल. तो दूर राहतो, फोनवरून बोलतो. मी दिवसरात्र इथे आहे, पण निर्णय मोठ्या मुलाचा असे घरात सगळ्यांनी गृहीत धरले आहे. दादा वाईट माणूस नाही. त्याने पलंगाची कड धरलेली बोटे पाहिलेली नाहीत, एवढेच. त्याला काय सांगू?

सहप्रवासी

मी उपशामक उपचारांचा, म्हणजे रुग्णाच्या वेदना आणि त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरचा, डॉक्टर आहे. कातरवेळ, तुमच्या वडिलांना न तपासता मी मात्रा सांगणार नाही, ती त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायची आहे. पण दादांच्या तिन्ही शंकांना उत्तरे आहेत.

सवय आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही आठवड्यांनी शरीर औषधाला सरावते आणि ते एकदम बंद केले तर त्रास होतो, हे खरे. ते इतरही पुष्कळ औषधांच्या बाबतीत खरे आहे. वेदनेसाठी योग्य देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्या अशा रुग्णांमध्ये व्यसन क्वचितच दिसते. गुंगी पहिले दोन-तीन दिवस येते आणि बहुतेकांची नंतर ओसरते. आठवडाभर न झोपलेला माणूस वेदना थांबल्यावर आधी झोपतो, त्यालाही पुष्कळदा घरचे लोक औषधाची गुंगी समजतात. आणि लवकर पाठवण्याबद्दल : कमी मात्रेने सुरुवात करून, परिणाम पाहत ती हळूहळू वाढवली, तर मॉर्फिनने आयुष्य कमी होते असे दिसून आलेले नाही. धोका असतो तो अंदाजाने एकदम मोठी मात्रा देण्यात, किंवा मूत्रपिंड निकामी असताना तीच मात्रा चालू ठेवण्यात, कारण तेव्हा औषध शरीरात साचत जाते. न ओसरणारी बद्धकोष्ठता हा त्याचा खरा, हमखास दुष्परिणाम आहे. मॉर्फिनच्या चिठ्ठीवर पोट साफ ठेवण्याचे औषध नसेल तर तुम्ही स्वतः ते मागून घ्या.

सिसिली सॉन्डर्स यांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. त्या आधी परिचारिका होत्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि 1957 मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, डॉक्टर झाल्या. त्या काळी वेदना असह्य होऊन रुग्ण कळवळला की इंजेक्शन देत, त्याचा असर उतरला की पुन्हा तेच. त्यांनी औषध ठरावीक वेळेला, वेदना डोके वर काढण्याआधीच देण्याचा आग्रह धरला आणि 1967 मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस उघडले. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची जी पायरीपद्धती मांडली, तिच्यातही तोंडावाटे आणि घड्याळाप्रमाणे औषध देणे हीच मुख्य तत्त्वे आहेत. दादांना एवढेच विचारा : बाबांना रक्तदाबाचे औषध आपण रक्तदाब वाढून चक्कर आल्यावर देतो का?

एक तातडीची सूचना. मणक्यांत पसरलेल्या कर्करोगात पायांची शक्ती कमी होणे, कमरेखाली बधिरपणा येणे किंवा लघवी अडणे असे काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, मज्जारज्जूवर दाब आला असण्याची शक्यता असते. हाडांतल्या वेदनेसाठी रेडिएशनची एखादीच मात्रादेखील पुष्कळांना आराम देते, तेही विचारून घ्या.

सडेतोड

माझे मत वेगळे आहे आणि ते लिहिले पाहिजे, नाहीतर हा धागा एकाच सुरात जाईल. माझ्या यजमानांना हृदय निकामी होण्याचा आजार होता. एका मोठ्या रुग्णालयात आम्हाला सांगण्यात आले की आता दोन-तीन महिने, फार तर चार. "आता उपशामक उपचारच द्या" असा सल्ला मिळाला. मी ऐकले नाही, दुसरीकडे गेले, औषधे बदलली आणि ते त्यानंतर चौदा महिने जगले. त्या चौदा महिन्यांत त्यांनी नातीला सायकल शिकवली. मी तेव्हा मान डोलावली असती तर? हे उपशामक वगैरे शब्द मला डॉक्टरांनी हात टेकल्याचे सभ्य नाव वाटतात.

सहप्रवासी

सडेतोड, तुम्ही दुसरे मत घेतलेत ते योग्यच केलेत. आयुष्य किती उरले हे सांगण्यात आम्ही डॉक्टर कच्चे आहोत, हेही मान्य आहे. सन 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हॉस्पिसमध्ये दाखल होणाऱ्या 468 रुग्णांबद्दल डॉक्टरांचे अंदाज तपासले गेले होते, त्यांतले जेमतेम 20 टक्के बऱ्यापैकी अचूक निघाले. मात्र चूक कोणत्या बाजूला झाली ते पाहण्यासारखे आहे : 63 टक्के अंदाज जास्तीचे होते. तुमच्या वाट्याला कमी सांगणारे डॉक्टर आले, पण बहुसंख्य कुटुंबांना "अजून वेळ आहे" असे सांगितले जाते आणि वेळ नसतो. हृदयाच्या आजारात तर अंदाज बांधणे आणखी कठीण. कर्करोगात उतार पुष्कळदा शेवटच्या काही आठवड्यांत सलग दिसतो. हृदय किंवा फुप्फुसाच्या आजारात रुग्ण अनेकदा खूप खालावतो आणि पुन्हा उभा राहतो, त्यामुळे कोणता झटका शेवटचा ते नंतरच कळते.

तुमचा खरा आक्षेप "उपशामक उपचारच" यातल्या "च"वर आहे आणि तिथे मी तुमच्या बाजूचा आहे. बोस्टनमध्ये फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या 151 रुग्णांवर झालेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचे उपचार दिले गेले, काहींना त्यांच्या जोडीने सुरुवातीपासूनच उपशामक उपचार मिळाले. दुसऱ्या गटातल्यांची मनःस्थिती चांगली राहिली, अखेरच्या काळात त्यांच्यावर आक्रमक उपचार कमी झाले आणि तरीही ते जास्त जगले : मध्यक (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 8.9 महिन्यांच्या तुलनेत 11.6 महिने. एका अभ्यासावरून सगळ्या आजारांबद्दल बोलता येणार नाही, पण एक हात सोडल्याशिवाय दुसरा धरता येत नाही, ही समजूत त्याने खोटी ठरवली. तुमच्या यजमानांचे औषध बदलताना कुणी त्यांच्या धापेकडे आणि झोपेकडेही पाहिले असते, तर त्या चौदा महिन्यांतले काही दिवस कदाचित आणखी सुसह्य झाले असते.

सडेतोड

धापेकडे कुणी पाहिले नाही, हे खरे आहे. शेवटचे दोन महिने ते खुर्चीत बसून झोपत.

उंबरठा

मला आणखी एक विषय काढायचा आहे. आईला तिच्या आजाराचे नाव आम्ही शेवटपर्यंत सांगितले नाही. मावशीचा हट्ट होता की ती ऐकूनच खचेल. मग घरात एक नाटक सुरू झाले : आम्ही "यकृताला सूज आहे" म्हणायचो आणि ती "बरं" म्हणायची. ती गेल्यावर तिच्या कपाटात आम्हा तिघांच्या नावाच्या तीन पिशव्या निघाल्या, दागिन्यांपासून विम्याच्या कागदांपर्यंत सगळे नीट वाटून ठेवलेले. माझ्या पिशवीत मी तिसरीत असताना हरवले म्हणून रडलेले प्रगतिपुस्तक होते. म्हणजे तिला सगळे ठाऊक होते, आणि तिनेही आमच्यासाठी नाटक चालू ठेवले. प्रगतिपुस्तक तिला कुठे सापडले होते, हे विचारायला आता कुणी नाही.

रात्रपाळी

बहुतेक रुग्णांना कळलेले असते. अंग त्यांचे असते. मी कधीही आपणहून निदान सांगत सुटत नाही, आणि "सांगू नका" म्हणणाऱ्या नातेवाइकांशी वादही घालत नाही. मी रुग्णाला दोन प्रश्न विचारते : "तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय समजले आहे?" आणि "आणखी जाणून घ्यायला आवडेल, की ते घरच्यांशी बोलावे?" काही जण खरोखरच म्हणतात की मुलाशी बोला, आणि त्यांच्या त्या निवडीचाही मान राखला पाहिजे. पण विचारायचे त्यांनाच.

बोलता येईल तोवर आणखी एक गोष्ट विचारून ठेवावी, ती म्हणजे हृदय बंद पडले तर छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न त्यांना हवा आहे का आणि व्हेंटिलेटर हवा आहे का. आजार अखेरच्या टप्प्यावर असताना हृदय थांबते ते सगळे शरीर थकल्यामुळे. अशा वेळी छाती दाबल्याने बरगड्या मोडतात आणि माणूस परत येण्याची शक्यता फारच थोडी असते. प्रत्येक देशाचा कायदा आणि कागदपत्रे वेगळी, म्हणून आपल्या डॉक्टरांकडून ती रीत समजून घ्यावी. हे ठरलेले नसले की मध्यरात्री घाबरलेल्या मुलीला एकटीने ते ठरवावे लागते.

आणि शेवटी, बोलत राहावे. 2020 मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी हॉस्पिसमधल्या प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचे आलेख तपासले, तेव्हा त्यांपैकी काहींचा मेंदू आवाजातल्या बदलांना प्रतिसाद देत होता. त्यांना शब्दांचा अर्थ समजत होता, असे त्यातून सिद्ध होत नाही. तरीही मी खोलीत पैशांचे वाद होऊ देत नाही.

कातरवेळ

वरचा डॉक्टरांचा प्रतिसाद मी दादाला जसाच्या तसा पाठवला. तो दोन दिवस काहीच बोलला नाही. मग रात्री व्हिडिओ कॉल केला आणि मी काही न बोलता फोन बाबांच्या हाताकडे वळवला. त्याने "फोड ती बाटली" एवढेच म्हटले आणि फोन ठेवला.

आज तिसरा दिवस. काल बाबा सलग चार तास झोपले. मी मात्र झोपू शकले नाही, सारखी उठून त्यांचा श्वास चालू आहे ना ते पाहत होते. लाज वाटते लिहायला, पण परवा एका क्षणी मनात आले की हे लवकर संपावे. मग स्वतःचीच इतकी घृणा वाटली.

रात्रपाळी

तो विचार येतो. वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या, जिवापाड प्रेम करणाऱ्या माणसांना येतो, आणि फार थोडी माणसे तो उच्चारतात. तुम्हाला बाबांचे हाल संपायला हवे आहेत आणि तुम्हाला झोप हवी आहे. त्यापलीकडे त्याचा अर्थ लावू नका. दादांना पैसे किंवा सल्ला मागू नका, आठ दिवसांची रजा मागा आणि त्यांना रात्रीची पाळी द्या. "काही लागले तर सांग" म्हणणाऱ्यांना नेमके काम सांगा : मंगळवारी दुपारी दोन ते पाच येऊन बसा. आणि ज्या दिवशी तुम्ही तीन तास झोपायला गेलात त्याच वेळी ते गेले, तर तेही मनाला लावून घेऊ नका. पाणी प्यायला उठलेल्या मुलीच्या पाठीमागे गेलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

उंबरठा, तुमच्यासाठीही : पाच महिन्यांनी कानात ठसका ऐकू येणे हा आजार नव्हे. पण झोप, काम किंवा माणसांत मिसळणे अडत असेल आणि महिने लोटले तरी ते तसूभरही सैल होत नसेल, तर शोकासाठीच्या समुपदेशकाकडे जा. दीर्घकाळ न ओसरणारा शोक ही आता स्वतंत्रपणे नोंदली जाणारी अवस्था आहे आणि तिच्यावर उपचार आहेत.

उंबरठा

जाईन. घरघर कशामुळे होते हे तुम्ही लिहिलेत, त्या रात्रीपासून प्रथमच तो आवाज थोडा लांब गेल्यासारखा वाटला.

कातरवेळ

एक लहानसा प्रश्न राहिला आहे. औषध दर चार तासांनी द्यायचे आहे. पहाटे दोनच्या मात्रेसाठी बाबांना गाढ झोपेतून उठवायचे का? आज दादा येतो आहे, पहिली रात्र त्याची आहे, त्याला लिहून द्यायचे आहे.

सहप्रवासी

मध्यरात्रीची मात्रा टाळण्यासाठी झोपताना मोठी मात्रा देण्याची किंवा बारा तास चालणाऱ्या गोळीवर नेण्याची पद्धत आहे, पण तो बदल तुमच्या डॉक्टरांना फोन करून, त्यांनी आकडा सांगितल्यावरच करा. तोवर घड्याळाचा गजर लावून वेळेवर द्या. दादांना कागदावर चार रकाने आखून द्या : वेळ, मात्रा, वेदना दहापैकी किती आणि पोट साफ झाले का. देण्यापूर्वी बाबांना हाक मारून पाहावी. ते डोळे उघडून उत्तर देत असतील तर द्यावे. हलवूनही नीट जागे होत नसतील किंवा श्वास फारच संथ वाटत असेल, तर ती मात्रा थांबवून डॉक्टरांना फोन करावा. नंबर कागदाच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहा.